तापणारा कॉम्प्युटर आणि खान्देशातला उन्हाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन सुरू होतात. भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा... गाव वेगळं, तक्रार एकच. एकाने तर सरळ अहिराणीत लिहिलं होतं, "मना कॉम्प्युटर भलता तापस, पंखा बदलू का?" बहुतेक वेळा पंखा बदलायची गरज नसते. काय बदलायचं, काय साफ करायचं आणि काय सोडून द्यायचं, ते खाली लिहिलं आहे. हे सगळं टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी आहे, लॅपटॉपचं गणित वेगळं. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. इथे मात्र डबा म्हणजे कॅबिनेट आणि आतली चिप म्हणजे प्रोसेसर.

१. कॉम्प्युटर खरंच तापतोय हे ओळखायचं कसं? हात लावला तर कॅबिनेट गरम लागतं.

हात लावून काही कळत नाही. मे महिन्यात लोखंडी कपाटसुद्धा गरम लागतं. खरी लक्षणं वेगळी. पंखा एकदम मोठ्याने घोंघावायला लागतो. सकाळी पटापट चालणारं मशीन दुपारी रेंगाळतं. काम करता करता काहीही न सांगता ते धाडकन बंद पडतं. रेंगाळणं ही प्रोसेसरची स्वतःची युक्ती आहे. मर्यादेजवळ पोचला की तो वेग कमी करून उष्णता कमी करतो. तरीही आवरलं नाही, तर जीव वाचवायला बंद होतो. बंद पडण्यामागे विजेचं कारणही असू शकतं, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

२. तापमान बघायचं कुठे?

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरवर विसंबू नका. तिथे ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. विंडोज चालू होईपर्यंतही मशीन टिकत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा, तिथेही आकडा असतो.

३. किती अंश म्हणजे जास्त? कोणी ६० सांगतं, कोणी ९० सांगतं.

आकडा एकटा वाचूच नका. त्यातून खोलीचं तापमान वजा करा.

पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला फटीफटींचा धातूचा ठोकळा) मिळून फक्त खोलीतल्या हवेने प्रोसेसरवरची उष्णता उचलून नेतात. खोलीपेक्षा थंड ते काहीच करू शकत नाहीत. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत एखादं मशीन कामाच्या भरात ६५ वर चालतं. तेच मशीन जळगावात पत्र्याच्या गाळ्यात ४२ अंशांत ठेवलं तर साधारण ८२ दाखवेल. मशीन तेच, फरकही तोच, ४० अंश. त्यात बिघाड काहीच नाही. तरी असे ८२ वाले लोक घाबरून प्रोसेसरचा नवा कूलर (पंखा आणि हीटसिंकची जोडी) विकत घेतात आणि मग ७८ आला म्हणून नाराज होतात.

माझा ठोकताळा असा आहे. कंपनीच्या साध्या पंख्यावर चालणाऱ्या ऑफिसच्या मशीनमध्ये, काही काम चालू नसताना खोलीपेक्षा १० ते १५ अंश जास्त आणि कामाच्या भरात ३५ ते ४५ अंश जास्त, इथपर्यंत ठीक. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची वरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझनची बऱ्याचदा ९० ते ९५. काम करताना आकडा मर्यादेच्या दहा अंश खाली राहिला तर झोप उडवून घेऊ नका.

एक काम मात्र थंडीतच करून ठेवा. माझ्या दुकानातल्या मशीनच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली आहे: "जानेवारी, खोली २२, लोडवर ५८." म्हणजे फरक ३६. मेमध्ये खोली ४१ आणि मशीन ७७ दिसलं तर मी काहीच करत नाही. तेच ९० दिसलं तर समजतो, आत काहीतरी साचलंय. भिंतीवरचा साधा तापमापक आणि ही पट्टी असली की उन्हाळाभर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

४. आतून साफ कसं करायचं? आम्ही वरून फडकं मारतो.

वरून फडकं मारून फक्त फडकं मळतं.

आधी बटण बंद करून पिन भिंतीतून काढा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो. मोबाईलवर आतले दोन-चार फोटो काढा, वायरी परत जोडताना उपयोगी पडतात. मागचे दोन स्क्रू काढून मदरबोर्ड दिसेल त्या बाजूचं पॅनेल सरकवा. हे सगळं ओट्यावर किंवा गच्चीवर करा, घरात नको, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा. रंगाचा एक इंची कोरा ब्रश आणि ब्लोअर पुरतो. लोखंडी कॅबिनेटला अधूनमधून हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज त्यात उतरते.

प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून मगच हवा मारा. मोकळं सोडलं तर पातं भन्नाट फिरतं आणि त्याची बेअरिंग जाते.

लोक चुकतात ते इथे. प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छ दिसतो, पण खरा थर पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या फटींवर असतो. जिनिंगमधल्या वजनकाट्याच्या केबिनमधलं एक मशीन आलं होतं. पंखा सुरळीत फिरत होता, तरी दर वीस मिनिटांनी बंद. पंख्याचे चार स्क्रू काढले, तर खाली रुईचा थर असा घट्ट बसलेला की चिमट्याने एक कोपरा उचलला आणि अख्खी वाकळ सुटून आली. तिच्या पाठीवर फटींच्या रेघाही उमटलेल्या होत्या. पंखा फिरत होता खरा, पण त्याची हवा खालपर्यंत पोचतच नव्हती. त्यामुळे पंखा हीटसिंकपासून वेगळा होत असेल तर तो काढूनच साफ करा.

नंदुरबारकडच्या मिरचीच्या पथारीजवळचं किंवा मसाल्याच्या चक्कीतलं मशीन असेल तर तोंडाला रुमाल बांधा. मी एकदा बांधला नव्हता. अर्धा तास शिंका आणि डोळ्यांत पाणी, गिऱ्हाईक समोर बसून हसत होतं.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या मशीनची धूळ फोडणीच्या वाफेने तेलकट होते आणि ब्लोअरने निघत नाही. अशा वेळी हीटसिंक पूर्ण काढून, त्यावरचा पंखा वेगळा करून, भांड्याच्या साबणाने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. मग प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये नवी पेस्ट लागते (प्रश्न ६).

५. व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? आणि किती दिवसांनी साफ करायचं?

क्लीनरचं प्लॅस्टिकचं तोंड बोर्डाजवळ नेलं तर स्थिर वीज तयार होते. शिवाय आतले बारीक जंपरही (पिनांवरच्या छोट्या टोप्या) तो ओढून नेतो. कॅबिनेटच्या जाळीवर बाहेरून वापरायला हरकत नाही.

किती दिवसांनी, ते जागेवर आहे. गावात पक्क्या घरात असेल तर वर्षातून एकदा, होळीच्या आधी. रस्त्यालगतचं ई-सेवा केंद्र, डाळ मिल, फुफाट्याच्या रस्त्यावरचं दुकान असेल तर तीन महिन्यांनी. जिनिंगच्या हंगामात, दिवाळी ते फेब्रुवारी, महिन्याला. केस पाळलेल्या कुत्र्या-मांजरांचे असोत की कपाशीचे, फटींना सारखेच.

६. पेस्ट कधी बदलायची आणि किती लावायची?

हीटसिंक एकदा उचलला की पेस्ट बदलायचीच, जुनीवर परत बसवायचा नाही. एरवी मशीन चार-पाच वर्षांचं झालं असेल आणि साफसफाईनंतरही फरक कमी झाला नसेल तर बदला.

इंटेलच्या साध्या पंख्याला चार खुंट्या असतात. डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढल्या की सुटतात. रायझनच्या जुन्या एएम ४ सॉकेटवाल्यांनी (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) मात्र इथे थांबून वाचावं. पेस्ट वाळून दगड झालेली असते आणि हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, पिन काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू वळवत सैल करा आणि मगच उचला.

जुनी पेस्ट टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा. बोटाने पसरवू नका, हीटसिंकच्या दाबाने तो आपोआप पसरतो. हीटसिंक आणि प्रोसेसरच्या धातूमध्ये डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात, ते बुजवण्यापुरतीच पेस्ट लागते. पोळीवर तूप लावल्यासारखी जाड थापली तर फायदा कमीच होतो.

बसवताना खुंट्यांचे बाण मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन-दोन दाबा, प्रत्येकीचा "टक" ऐकू यायला हवा. चारातली एक जरी अर्धवट राहिली तरी हीटसिंक तिरका बसतो.

७. पेस्टऐवजी टूथपेस्ट, ग्रीस किंवा चुना चालेल का? एका व्हिडिओत दाखवलं होतं.

नाही. टूथपेस्ट दोन-चार दिवस आकडा कमी दाखवते, मग त्यातलं पाणी उडतं आणि ती खडू होते. व्हिडिओ त्याआधीच संपलेला असतो. द्रवरूप धातूच्या महागड्या पेस्टच्याही नादी लागू नका. ती वीज वाहून नेते, थेंब सांडला तर बोर्ड गेला, आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक ती खाऊन टाकते.

८. पंखा खरखर करतो. तेल सोडलं तर?

मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला तर काही आठवडे चालतो, नवा पंखा मिळेपर्यंतची सोय म्हणून ठीक. खोबरेल तेल नको. थंडीत गोठतं, उन्हाळ्यात त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

९. कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून टेबल फॅन लावला तर चालतं का?

चालतं, आणि आकडाही कमी होतो. पण धुळीचं मोजमाप कोण करणार? जे साचायला वर्ष लागायचं ते दोन महिन्यांत साचतं. दुसरा धोका प्राण्यांचा. पावसाळ्यात उबेला पाल आणि उंदीर आत शिरतात. पाल एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात) अडकली की ती जाते आणि एसएमपीएसही. चाचणी म्हणून मात्र ही युक्ती छान आहे. बाजू उघडल्यावर तापमान १० अंशांहून जास्त उतरलं तर दोष पेस्टचा नाही, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही (प्रश्न ११).

१०. रूम कूलरच्या समोर कॉम्प्युटर ठेवू का?

खोलीत कूलर असू द्या, पण त्याचा झोत कॅबिनेटवर नको. मार्च ते मे आपल्याकडे हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर खोली सात-आठ अंशांनी सहज उतरवतो आणि मशीनही जवळजवळ तेवढंच उतरतं. पण झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही. कूलरच्या गवतावर जी पांढरी खपली धरते तीच हळूहळू बोर्डावर धरते. कूलर आणि कॅबिनेट यांच्यात सहा-सात फूट अंतर ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हा उपाय संपला, दमट हवेत कूलर थंडावा देत नाही, नुसती ओल देतो.

एसीची भीती मात्र नको. आतले भाग खोलीपेक्षा गरमच असतात, त्यांच्यावर पाणी धरत नाही.

११. जास्तीचे पंखे बसवले तर? आणि कोणत्या दिशेने?

समोरून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याची पाती मोकळी दिसतात त्या बाजूने हवा आत खेचली जाते. आडव्या दांड्या आणि स्टिकर असलेल्या बाजूने ती बाहेर पडते. समोर एक आणि मागे एक, १२० मिलिमीटरचे दोन पंखे ऑफिसच्या मशीनला भरपूर झाले. रंगीत दिव्यांच्या सहा पंख्यांचं कॅबिनेट घेतलं आणि समोर अखंड काच असली, तर ते सहा पंखे तीच गरम हवा आतल्या आत घुसळतात.

पंखे घ्यायच्या आधी टेबल बघा. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात डबा कोंबलेला असतो, मागे भिंत, पुढे दार. काही ठिकाणी खाली गोधडीची घडी घालतात आणि खालून हवा घेणाऱ्या एसएमपीएसचं नाक बंद होतं. दार काढून टाका, मागे वीतभर जागा सोडा, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब सरकवा. शून्य रुपयांत याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

१२. मशीन अचानक बंद पडतं. तापल्यामुळे की लाईटमुळे, कसं कळणार?

मशीन थंड असताना चालू करा, थेट बायोसमध्ये जा आणि तापमानाकडे बघत बसा. मिनिटभरात आकडा झपाट्याने ८०-९० कडे चढला तर हीटसिंक सैल आहे किंवा पंखा बंद आहे. आकडा शांत, तरी मशीन बंद पडलं, तर विजेकडे वळा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (बिघाडांच्या नोंदवहीतली) "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद बघून पुष्कळ जण एसएमपीएस बदलतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. का झालं, ते सांगत नाही.

खेड्यावर एक गोष्ट जास्त दिसते. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. मशीनला तेवढीच शक्ती हवी असते, म्हणून एसएमपीएस जास्त करंट ओढतो आणि स्वतः तापतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवलं तर तो गुणगुणतो आणि तापतोही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली असेल तर आधी ती बदला.

१३. एसएमपीएसमधून जळका वास येतो. उघडून साफ करू?

उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. बाहेरून जाळीतून हवा मारा, वास तरीही असेल तर बदला. प्रत्येक वेळी पैसे वाचवा म्हणणारा मी, या एका वस्तूवर वाचवू नका म्हणतो.

१४. सगळं साफ केलं, पेस्ट लावली, तरी तापतोच आहे.

एक, खुंट्या परत तपासा. बोर्डाच्या मागून चारही सारख्या बाहेर आलेल्या दिसायला हव्यात. दोन, प्रोसेसरचा नवीन कूलर बसवला असेल तर त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली होती का? हसू नका, आम्ही स्वतः एकदा ती विसरलो होतो.

तीन, मशीन काहीच न करता ७० वर असेल तर दोष धुळीचा नसेलही. फुकटातलं चोरीचं सॉफ्टवेअर टाकताना सोबत कधी कधी डिजिटल नाणी (क्रिप्टो) खणणारा प्रोग्राम येतो आणि प्रोसेसर रात्रंदिवस राबवतो. त्यातले काही इतके चतुर असतात की टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात. टास्क मॅनेजर उघडताच पंख्याचा आवाज उतरत असेल तर संशय घ्या आणि विंडोज कोरं टाका.

१५. साफ केल्यावर मशीन चालूच होत नाही, नुसतं बीप-बीप.

बहुतेक वेळा रॅम हललेली असते. पिन काढून दोन्ही रॅम बाहेर काढा, खोडरबराने सोनेरी पट्ट्या हलक्या पुसा, दोन्ही बाजूंचा टक येईपर्यंत बसवा. "सीपीयू फॅन एरर" असं आलं तर प्रोसेसरच्या पंख्याची वायर बहुधा सुटली आहे किंवा भलत्या जागी लागली आहे. बोर्डावर "सीपीयू फॅन" छापलेल्या जागीच ती हवी.

१६. सॉफ्टवेअर एका ठिकाणी १२७ अंश दाखवतं!

त्या जागी सेन्सर जोडलेलाच नाही. मदरबोर्डाच्या नावाखाली असे एक-दोन रिकामे आकडे दिसतात आणि ते कधी हलत नाहीत. खरं तापमान खाली-वर होत राहतं.

१७. नवीन रायझन घेतला, काम सुरू केलं की सरळ ९५ वर जातो. परत करू?

७००० मालिकेतल्या बऱ्याच रायझनचा स्वभावच तसा आहे. थंड हवा मिळेल तेवढा वेग वाढवत तो ९५ पर्यंत जातो आणि तिथे थांबतो. प्रश्न ३ मधलं वजाबाकीचं गणित त्याला लावू नका. त्याचा वेग बघा. जानेवारी आणि मेच्या वेगात फार तफावत दिसली तर प्रोसेसरचा कूलर कमी पडतोय. बायोसमधला इको मोड लावला तर तापमान पुष्कळ उतरतं, वेग थोडाच.

१८. ग्राफिक्स कार्डचे पंखे फिरतच नाहीत.

बरीच नवी कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात. गेम सुरू करून बघा. खेळताना ७५ ते ८५ अंश बहुतेक कार्डांना नेहमीचे. त्याहून वर जात असेल तर आधी गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० करा.

१९. मे महिना खर्च न करता काढायचा आहे. काही युक्ती?

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्रगत सेटिंग, त्यात प्रोसेसरची कमाल स्थिती. १०० च्या जागी ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण त्याने टर्बो (प्रोसेसरची जास्तीचा वेग घेण्याची सोय) बंद होतो आणि बऱ्याच मशीनवर दहा-पंधरा अंश उतरतात. दाखले छापायला, टॅलीला, बिलिंगला फरक जाणवत नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना जाणवेल. त्यांनी जड काम पहाटे लावावं, ऊन चढायच्या आत. आपल्या बायका उन्हाळ्यात पापड-कुरडया तशाच पहाटे घालतात.

२०. दुकानात न्यायचं असेल तर काय काळजी घ्यायची?

साफ करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दाखवायला सांगा, दोन्ही कामाच्या भरातले, त्याच खोलीतले. वॉरंटीचं स्टिकर असेल तर आधी विक्रेत्याला विचारा. आणि नेताना डबा मोटारसायकलच्या टाकीवर उभा धरून नेऊ नका. खड्ड्यांनी जड हीटसिंक बोर्डाला हिसके देतो, ग्राफिक्स कार्ड स्लॉट मोडतं. कार्ड काढून वेगळं घ्या, डबा मागच्या माणसाच्या मांडीवर आडवा, मदरबोर्ड खाली आणि काच वर. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस घरीच राहू द्या, ते आमच्याकडे आहेत.